गिरणीवाल्याचे प्रमेय आणि आपली एम-थ्री

इंजिनिअरिंगची पीएल सुरू झाली की वसतिगृहात एक वाक्य हमखास ऐकू येते : "एम-थ्री आपल्या बापाने तरी केली होती का?" बोलणारा हसत असतो, ऐकणारेही हसतात. पण त्या हसण्यामागे भीती असते. समोर व्हेक्टर कॅल्क्युलसचे युनिट असते, ग्रेडियंट, डायव्हर्जन्स, कर्ल, ग्रीन, स्टोक्स, गॉस अशी नावांची रांग असते, आणि मागच्या सेमिस्टरची केटी अजून निघालेली नसते.

ते वाक्य खोटे नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या बापाने एम-थ्री केली नव्हती. शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या बापाने केली होती, काकाने केली होती, आणि मामा तर तो विषय शिकवतो. खोटा आहे तो त्या वाक्यातून काढला जाणारा निष्कर्ष : म्हणून हा विषय आपला नाही. हा निष्कर्ष आपल्या डोक्यात कोणी घातला, हे पाहायचे असेल तर या विषयाचाच इतिहास उघडावा लागतो. तो उघडला की कळते, ज्यांच्या नावाची प्रमेये आपण घोकतो त्यांतले काही जण स्वतः दाराबाहेर उभे होते.

पहिले नाव : ग्रीन

जॉर्ज ग्रीन 1793 मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला जन्मला. बाप पाव भाजणारा. शाळा मिळाली ती जेमतेम वर्षभर, मग भट्टीवर काम. पुढे बापाने स्नेंटनला पिठाची पवनचक्की बांधली आणि ग्रीन गिरणी चालवू लागला. गावात वर्गणी भरून सभासद होता येईल असे एक ग्रंथालय होते. त्याच्या आधारावर आणि स्वतःच्या जिद्दीवर 1828 मध्ये त्याने वीज आणि चुंबकत्वाच्या गणितावर एक निबंध छापला. छापणार कोण? पन्नासेक लोकांनी आगाऊ वर्गणी दिली म्हणून तो निघाला. घेणाऱ्यांतल्या बहुतेकांना तो कळण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या वर्गणीदारांत एडवर्ड ब्रॉमहेड नावाचा गणित जाणणारा जमीनदार होता. त्याने पत्र लिहिले, पुढे पाठबळ दिले, आणि ग्रीन वयाच्या 40 व्या वर्षी, 1833 मध्ये, केंब्रिजला विद्यार्थी म्हणून दाखल झाला. 1837 च्या ट्रायपॉस परीक्षेत तो चौथा आला. 1841 मध्ये, वयाच्या 47 व्या वर्षी वारला. तेव्हा त्याचा 1828 चा निबंध जवळपास कोणालाच माहीत नव्हता.

1845 मध्ये विल्यम थॉमसन या तरुणाला (हाच पुढचा लॉर्ड केल्व्हिन) त्या निबंधाच्या प्रती मिळाल्या. कुठे? त्याला परीक्षेसाठी शिकवणाऱ्या विल्यम हॉपकिन्सकडेच त्या पडून होत्या. थॉमसनने तो निबंध जर्मनीतल्या नियतकालिकात पुन्हा छापून आणला आणि मग युरोपला ग्रीन कळला.

एक दुरुस्ती करून ठेवतो. आपण पेपरात प्रतलातले जे 'ग्रीनचे प्रमेय' लिहितो, ते त्या रूपात आधी फ्रान्सच्या कोशीने 1846 मध्ये मांडले. ग्रीनच्या निबंधात होते ते त्याच कुळातले, घनफळ आणि पृष्ठ यांचा संबंध जोडणारे सूत्र. पण मूळ विचार तोच : आतली बेरीज आणि सीमेवरची बेरीज यांचे नाते.

प्रश्नपत्रिकेतून आलेले प्रमेय

दुसरे नाव स्टोक्स. हे प्रमेय थॉमसनने जुलै 1850 मध्ये स्टोक्सला पत्रातून कळवले होते. छापील रूपात ते पहिल्यांदा आले ते फेब्रुवारी 1854 मध्ये, केंब्रिजच्या स्मिथ पारितोषिकाच्या प्रश्नपत्रिकेत, आठवा प्रश्न म्हणून. प्रश्न काढणारा स्टोक्स, सोडवायला बसलेल्यांत जेम्स क्लार्क मॅक्सवेल. म्हणजे ज्या प्रमेयाची आपल्याला पेपरात धास्ती वाटते, ते जगासमोर आले तेच पेपरात!

ती परीक्षापद्धती कशी होती, हे समजून घेतले पाहिजे, कारण आपल्या 'मेरिट लिस्ट'ची आजी तीच आहे. 1854 ची ट्रायपॉस आठ दिवस चालली : 16 पेपर, साडेचव्वेचाळीस तास, 211 प्रश्न. पहिल्या वर्गात येणाऱ्यांना 'रँग्लर' म्हणत, पहिल्याला 'सीनियर रँग्लर'. हे केवळ कॉलेजच्या व्याख्यानांवर होत नसे. श्रीमंत आणि महत्त्वाकांक्षी मुले वेगळे पैसे मोजून खासगी प्रशिक्षकाकडे जात. हॉपकिन्सला लोक 'सीनियर रँग्लर घडवणारा' म्हणत. स्टोक्स, थॉमसन, मॅक्सवेल हे तिघेही त्याचे विद्यार्थी. 1854 मध्ये मॅक्सवेलच्या पुढे पहिला आलेला एडवर्ड राउथ याने नंतर हाच व्यवसाय केला आणि दोन डझनांहून अधिक सीनियर रँग्लर तयार केले. कोटा आणि लातूर काल जन्मलेले नाहीत. 'निव्वळ गुणवत्ते'ची जी परीक्षा जगाला आदर्श म्हणून दाखवली गेली, तिच्या पोटातच क्लास होता, फी होती.

आणि दाराबाहेर कोण होते? ग्रीन चौथा आला त्याच 1837 च्या यादीत दुसरा होता जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर. तो ज्यू होता. पदवीसाठी इंग्लंडच्या चर्चच्या धर्मकलमांवर सही करावी लागे. ती त्याने केली नाही. परीक्षेत दुसरा क्रमांक, आणि पदवी नाही! केंब्रिजने ती त्याला दिली 1872 मध्ये, धर्माच्या अटी कायद्याने उठल्यावर. 1890 मध्ये फिलिपा फॉसेट या मुलीने सीनियर रँग्लरपेक्षाही जास्त गुण मिळवले. ती बाई होती म्हणून तिचे नाव क्रमवारीत धरले नाही, फक्त 'पहिल्याच्या वर' असे जाहीर केले. केंब्रिजमध्ये स्त्रियांना पूर्ण पदवी मिळायला 1948 उजाडले.

म्हणजे परीक्षेने गुण मोजले, पण त्या गुणांची किंमत धर्म आणि लिंग पाहून ठरली. आपल्याला हे ओळखीचे वाटते ना?

लोहाराचा मुलगा आणि तारवाला

व्हेक्टर कॅल्क्युलस ज्या कामासाठी उभे राहिले ते वीज आणि चुंबकत्वाचे काम मायकेल फॅरडेचे. लोहाराचा मुलगा, चौदाव्या वर्षी पुस्तक बांधणाऱ्याकडे उमेदवारीला. बांधायला आलेली पुस्तके वाचत शिकला. उच्च गणित त्याला कधीच आले नाही. त्याने बलरेषांचे चित्र डोळ्यांसमोर आणले, मॅक्सवेलने त्या चित्राला समीकरणे दिली.

मॅक्सवेलच्या 1865 च्या लेखात ती समीकरणे वीस होती. आज आपण चार लिहितो. ती चार करणारा मुख्य माणूस ऑलिव्हर हेविसाइड. लंडनमधल्या लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या गरीब कारागिराचा मुलगा, लहानपणीच्या आजाराने ऐकू कमी येणारा, सोळाव्या वर्षी शाळा सुटलेला. तारखात्यात काही वर्षे काम केले, 24 व्या वर्षी नोकरी सोडली आणि घरी बसून मॅक्सवेलचा 1873 चा ग्रंथ वाचत राहिला. 1880 च्या दशकात त्याने ती समीकरणे सदिशांच्या भाषेत बसवली. त्याच काळात अमेरिकेत येल विद्यापीठातल्या गिब्ज या प्राध्यापकानेही स्वतंत्रपणे हीच भाषा घडवली आणि आपल्या विद्यार्थ्यांसाठी टिपणे छापली. गिब्ज स्वतः येलच्याच प्राध्यापकाचा मुलगा. एकच विषय, दोन माणसे : एक विद्यापीठाच्या घरात जन्मलेला, दुसऱ्याने विद्यापीठाची पायरीही न चढलेली. विषयाने दोघांत फरक केला नाही. संस्थांनी केला. 1894 मध्ये हेविसाइडच्या लेखमालेचा तिसरा भाग रॉयल सोसायटीने छापायला नाकारला.

"मग आरक्षण कशाला?"

हा इतिहास सांगितला की समोरून एक वाक्य येणार, तयार राहा : "बघा, ग्रीन आणि हेविसाइड सवलतीशिवायच वर आले. तुम्हीही या."

याला तीन उत्तरे आहेत. पहिले, ग्रीन 'वर आला' तो मेल्यानंतर. त्याचा निबंध सतरा वर्षे धूळ खात होता आणि तो सापडला हा योगायोग होता. ज्या व्यवस्थेत गुणवत्ता योगायोगाने सापडते ती व्यवस्था न्यायाची नाही. सापडले त्यांची नावे आपल्याला माहीत आहेत. न सापडलेल्यांची यादी कोणाकडे आहे?

दुसरे, ग्रीन सवलतीशिवाय आला हेही खरे नाही. बापाची गिरणी होती, ग्रंथालय होते, ब्रॉमहेड होता. ही सवलतच होती, फक्त तिला तसे नाव नव्हते.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे : ग्रीन गरीब-श्रीमंतीच्या रेषेबाहेर होता, जातीच्या नाही. त्याच्या स्पर्शाने पुस्तक बाटत नव्हते. ग्रीनने निबंध छापला तेव्हा जोतिबा एक वर्षाचे होते. त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती 1848 मध्ये. म्हणजे तिकडे गिरणीवाला समीकरणे छापत होता, तेव्हा इकडे आपल्या माणसाला अक्षर शिकवणे हेच पाप होते.

1899 मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, असा मान मिळवणारे पहिले भारतीय. मराठीत 'रँग्लर' ही पदवीच झाली. परांजपे बुद्धिवादी होते, त्यांच्या हुशारीशी आपले भांडण नाही. पण पुढची गोष्ट त्यांच्या शेजारी ठेवून पाहा. जवळपास त्याच काळात साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाचा मुलगा घरून आणलेल्या तरटावर वेगळा बसत होता. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्याला फळ्यावर प्रश्न सोडवायला बोलावले, तेव्हा वर्गात गलका झाला. फळ्यामागे सवर्ण मुलांचे डबे होते. ते आधी हलवले गेले, मग भीमराव फळ्यापाशी गेला. बाबासाहेबांच्या चरित्रांत ही नोंद आहे. गुण मोजण्याआधी फळ्यापर्यंत कोण पोहोचतो, हा प्रश्न आहे. 1882 मध्ये हंटर आयोगासमोर जोतिबांनी हेच मांडले होते : कर भरतो शेतकरी, उच्च शिक्षण घेतात वरचे.

स्वातंत्र्यानंतरही दार आपोआप उघडले नाही. पहिली आयआयटी खरगपूरला 1951 मध्ये सुरू झाली. तिथे अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण मिळाले 1973 मध्ये. बावीस वर्षे. बापाने एम-थ्री का केली नव्हती, याचे उत्तर त्याच्या बुद्धीत नाही, या तारखांत आहे.

मग पीएलमध्ये काय करायचे?

व्यवस्थेवर टीका करून केटी निघत नाही. बाबासाहेबांनी परीक्षाच सर्वस्व मानणाऱ्या विद्यापीठावर टीका केली. 1924 मध्ये विद्यापीठ सुधारणा समितीपुढे त्यांनी अध्यापन आणि संशोधन हेच विद्यापीठाचे खरे काम असल्याची बाजू मांडली. पण त्यांनी स्वतः एकही परीक्षा सोडली नाही, आणि 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उभे केले. दोन्ही एकदम करायचे असते.

म्हणून घोकू नका, समजून घ्या. ग्रीन, स्टोक्स, गॉस ही तीन वेगळी संकटे नाहीत. तिन्ही एकच गोष्ट सांगतात : आत जे घडते त्याची बेरीज सीमेवर मोजता येते. प्रतलातल्या क्षेत्राची सीमा म्हणजे बंद वक्र, तिथे ग्रीन. अवकाशातल्या पृष्ठाची सीमा म्हणजे त्याची कड, तिथे स्टोक्स. घनाची सीमा म्हणजे त्याचे बंद पृष्ठ, तिथे गॉस.

गॉसचा ताळा एकदा हाताने करून पाहा. सदिश क्षेत्राचे घटक क्ष, य आणि झ घ्या. डायव्हर्जन्स 3 येतो. त्रिज्या 2 असलेल्या गोलाचे घनफळ 32 'पाय' भागिले 3. गुणाकार 32 'पाय'. आता सीमेवरून मोजा : गोलावर सगळीकडे बाहेरचा घटक 2, पृष्ठफळ 16 'पाय'. गुणाकार पुन्हा 32 'पाय'. हे एकदा स्वतःच्या वहीत जुळले की भीती अर्धी होते. मग मागच्या पाच वर्षांचे पेपर घ्या. प्रत्येक प्रश्नाला आधी एवढेच विचारा : सीमा कोणती, आत काय आहे, आणि दोन्हींपैकी मोजायला सोपे कोणते?

आणि एकट्याने बसू नका. त्यांच्याकडे काका-मामा आहेत, क्लास आहे. आपल्याकडे वसतिगृह आहे, वाचनालय आहे, बुद्धविहाराचा हॉल आहे. ज्याचा विषय निघाला त्याने ज्याचा राहिला त्याला रोज तासभर शिकवावे. विहारात जयंतीची वर्गणी निघते, तशी जुन्या पुस्तकांची आणि सोडवलेल्या वह्यांची पेटीही निघावी. ग्रीनला पन्नास वर्गणीदार मिळाले होते. आपल्या वस्तीत तेवढे मिळणार नाहीत का?

केंब्रिजने 1909 नंतर क्रमवारी जाहीर करणे बंद केले. पहिला-दुसरा ठरवण्याच्या शर्यतीने गणिताचेच नुकसान होते, हे तिथल्या गणितज्ञांनाच पटले होते. आपल्याकडे मात्र त्या क्रमवारीची पूजा अजून चालू आहे आणि तिच्या नावाने आपल्या मुलांना 'कोट्यातला' म्हटले जाते. त्याला वर्गात उत्तर द्यायचे तर इतिहास ठाऊक हवा, आणि पेपरात उत्तर द्यायचे तर गणित.

पुढच्या पीएलमध्ये कोणी विचारले, "आपल्या बापाने तरी केली होती का?", तर सांगा : नाही केली. त्याला फळ्यापर्यंत येऊ दिले नव्हते. मी आलो आहे. खडू दे.

जय भीम!