कोणत्याही गाडीचा भाग कोणत्याही गाडीला

वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यात रोहणा हे गाव आहे. कपाशीच्या या मुलखात बैलगाडीला ‘बंडी’ म्हणतात. बंडीची चाके लाकडी होती त्या काळात चाकाचा एखादा आरा मोडला की बंडी सुताराच्या दारी उभी राही. सुतार नवा आरा तासून घेई, तुंब्याच्या भोकात बसवून पाही, काढी, पुन्हा थोडा तासून पुन्हा बसवी. आरा घट्ट बसला म्हणजे काम झाले. हा आरा त्याच चाकाचा, त्याच भोकाचा. शेजाऱ्याच्या बंडीचा आरा आणून तो तिथे बसेल, असे कोणी म्हटले असते तर सुतार हसला असता.

आज त्याच गावातल्या सायकलच्या दुकानात आपण नट मागतो. दुकानदार डब्यात हात घालून एक नट काढतो आणि तो बसतो. तो नट कोणी बनवला, सायकल कुठल्या कारखान्यात जुळवली, हे ना दुकानदाराला माहीत असते ना आपल्याला. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलेले नाही अशा दोन माणसांनी बनवलेल्या दोन वस्तू एकमेकींत नेमक्या बसतात. याचे आपल्याला नवल वाटेनासे झाले आहे, पण ते वाटायला हवे. हे कसे साधले याचा शोध घेऊ लागलो की वाटेत एक अमेरिकन मोटार भेटते, तिचे नाव कॅडिलॅक. आपल्याकडे ती सिनेमातल्या बड्या लोकांची लांबलचक गाडी म्हणून ठाऊक आहे. तिचा लौकिक मात्र श्रीमंतीतून आलेला नाही. तो मोजमापातून आला, आणि मोजमापाचा विसर पडला तेव्हा उतरला.

एक फसवे प्रात्यक्षिक

एकाच नमुन्याचे सुटे भाग परस्परांच्या जागी बसावेत ही कल्पना मोटारीहून बरीच जुनी आहे आणि ती बंदुकांच्या कारखान्यांत वाढली. रणांगणावर बंदुकीचा एक भाग मोडला तर दहा मोडक्या बंदुकांतून नऊ चांगल्या जुळवता याव्यात, ही सैन्याची गरज. फ्रान्समध्ये ओनोरे ब्लाँ याने १७८० च्या दशकात असे प्रयत्न केले होते. अमेरिकेत या कल्पनेशी एली व्हिटनीचे नाव जोडले जाते. कापसाच्या मुलखाला व्हिटनी परका नाही. रुईपासून सरकी वेगळी करणाऱ्या त्याच्या यंत्राला १७९४ मध्ये पेटंट मिळाले. (आपल्याकडच्या जिनिंग कारखान्यांत मुख्यतः रूळाचे जिन चालत आले आहेत. व्हिटनीच्या जातीचे करवतीचे जिन त्याहून वेगळे.)

१७९८ मध्ये व्हिटनीने सरकारकडून दहा हजार बंदुकांचे कंत्राट घेतले. १८०१ मध्ये त्याने वॉशिंग्टनला जाऊन अध्यक्ष जॉन ॲडम्स आणि भावी अध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्यासमोर बंदुकीच्या चापांचे सुटे भाग मांडले आणि ढिगातला कोणताही भाग उचलून चाप जुळवता येतो, असे दाखवले. पाहणारे थक्क झाले. दीडशेहून अधिक वर्षांनी इतिहासकारांनी त्याच्या उरलेल्या बंदुका तपासल्या, तेव्हा भागांवर जोड्या ओळखण्याच्या खुणा कोरलेल्या आढळल्या. भाग एकमेकांच्या जागी बसत नव्हते. सुतार आरा तासतो तसे ते हाताने जुळवलेले होते.

विज्ञान शिकवणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. प्रात्यक्षिक करणाऱ्यानेच वस्तू निवडल्या, त्यानेच मांडल्या आणि त्यानेच यश जाहीर केले, तर ती परीक्षा होत नाही. पुढे सरकारी शस्त्रागारांतल्या कारागिरांनी कित्येक वर्षे खपून ही गोष्ट खरोखर साध्य केली. व्हिटनीच्या मानाने त्यांची नावे फारशी कोणाला ठाऊक नाहीत.

हजारांश इंचाचा माणूस

या शस्त्रागारांपैकी एक होते स्प्रिंगफील्डचे. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात तिथे हेन्री लेलंड नावाचा तरुण काम करीत होता. त्याचा जन्म १८४३ चा. पुढे तो ब्राउन अँड शार्प या कंपनीत गेला. ही कंपनी कॅलिपर आणि मायक्रोमीटर बनवण्यासाठी प्रसिद्ध होती. थोडक्यात, मोजण्याची साधने बनवणाऱ्यांच्या हाताखाली लेलंड तयार झाला. १८९० मध्ये तो डेट्रॉइटला आला आणि त्याने स्वतःचा कारखाना काढला.

१९०२ मध्ये हेन्री फोर्ड आपल्याच नावाच्या एका कंपनीतून भांडून बाहेर पडला. मागे राहिलेल्या भांडवलदारांनी यंत्रसामग्री विकून मोकळे व्हायचे ठरवले आणि तिची किंमत ठरवण्यासाठी लेलंडला बोलावले. लेलंडने किंमत सांगितली, पण सोबत सल्लाही दिला की कारखाना विकू नका, माझे इंजिन वापरून गाडी बनवा. तसे झाले. १७०१ मध्ये डेट्रॉइट वसवणाऱ्या फ्रेंच माणसाच्या नावावरून नव्या कंपनीला कॅडिलॅक हे नाव मिळाले.

लेलंडच्या कारखान्यात इंचाचा हजारावा भाग हा रोजच्या बोलण्यातला शब्द होता. हे माप म्हणजे सुमारे ०.०२५ मिलिमीटर. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या स्क्रू गेजचे लघुतम माप ०.०१ मिलिमीटर असते. त्याचे अडीच भाग म्हणजे लेलंडचा हजारांश. डोक्याचा केस याच्या दुप्पट-तिप्पट जाड असतो. अल्फ्रेड स्लोन तेव्हा बेअरिंग विकणारा तरुण होता. पुढे तो जनरल मोटर्सचा प्रमुख झाला. त्याने आपल्या आठवणींत लिहिले आहे की लेलंडने त्याची बेअरिंगे मायक्रोमीटरने मोजून त्याच्यापुढे ठेवली आणि मापे सारखी नसल्याबद्दल त्याची चांगलीच हजेरी घेतली. पहिला नग अचूक असून भागत नाही, हजारावाही तसाच हवा, हा धडा स्लोन त्या दिवशी शिकला.

इथे एक बारकावा विद्यार्थ्यांना समजावून द्यायला हवा. तंतोतंत माप असे जगात काही नसते. प्रत्येक भाग थोडा लहान किंवा थोडा मोठा होणारच. प्रश्न असतो तो किती फरक चालेल याचा. या मुभेला ‘टॉलरन्स’ म्हणतात. ती एकदा ठरली की कामगाराला आकडाही वाचावा लागत नाही. त्याच्या हाती दोन मापे द्यायची. दांडा एका भोकात गेला पाहिजे आणि दुसऱ्यात जाता कामा नये. सुताराचे कौशल्य त्याच्या हातात आणि नजरेत होते. ते आता या दोन भोकांत येऊन बसले. त्यात मिळवलेही बरेच आणि गमावलेही बरेच. गाडी स्वस्त आणि दुरुस्तीला सोपी झाली. कारागिराची नजर मात्र बाजारात बिनमोल ठरली.

ब्रुकलँड्सची परीक्षा

इंग्लंडमध्ये अमेरिकन गाड्यांना तेव्हा स्वस्त आणि कच्चा माल समजत. कॅडिलॅकचा लंडनमधला विक्रेता फ्रेडरिक बेनेट याने १९०८ मध्ये रॉयल ऑटोमोबाइल क्लबला सांगितले की आमच्या गाड्यांची परीक्षा घ्या. क्लबच्या लोकांनी त्याच्या विक्रीच्या साठ्यातून तीन गाड्या निवडल्या. त्या ब्रुकलँड्सच्या नव्या धावमार्गावर चालवून पाहिल्या आणि मग एका शेडमध्ये पूर्णपणे खोलल्या. दोन हजारांहून अधिक सुटे भाग एका ढिगात मिसळले. अचूकता जिथे सर्वांत महत्त्वाची असे सुमारे नव्वद भाग क्लबने बाजूला काढले आणि त्यांच्याऐवजी दुकानातले नवे भाग ढिगात टाकले.

कारागिरांना पान्हे, स्क्रूड्रायव्हर अशी साधी हत्यारे तेवढी मिळाली. कानस वापरायची नव्हती, तासायचे नव्हते. त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या राहिल्या, सुरू झाल्या आणि तिन्ही पाचशे मैल धावल्या. त्या वर्षीची ड्यूअर ट्रॉफी कॅडिलॅकला मिळाली. अमेरिकन गाडीला हा मान प्रथमच मिळत होता. ‘जगाचे प्रमाण’ या अर्थाचे ब्रीदवाक्य कंपनी मिरवू लागली ते याच सुमारास.

व्हिटनीच्या प्रात्यक्षिकाशी याची तुलना करा. इथे गाड्या निवडल्या दुसऱ्यांनी, भाग मिसळले दुसऱ्यांनी, बदललेही दुसऱ्यांनी. फसण्याची पूर्ण संधी होती, म्हणूनच यशाला किंमत आली.

१९०९ मध्ये जनरल मोटर्सने कॅडिलॅक विकत घेतली. १९१२ च्या गाडीत विजेवर चालणारा स्टार्टर आला. विहिरीवरचे डिझेल इंजिन हँडल मारून सुरू करणाऱ्यांना त्याचे मोल सांगायला नको. त्या काळच्या पेट्रोल मोटारीत ठिणगी वेळेआधी पडली तर हँडल उलटे फिरून मनगट मोडे. इंजिन फिरवण्याइतकी मोठी मोटार गाडीत बसवायची कुठे, हा प्रश्न होता. चार्ल्स केटरिंगने आधी गल्ल्याच्या यंत्रासाठी विजेची मोटार बनवली होती. त्याने ओळखले की मोटारीला काही सेकंदच जोर लावायचा आहे, म्हणून लहान मोटारीवर थोडा वेळ जादा भार टाकला तरी ती जळणार नाही. या कामगिरीबद्दल कॅडिलॅकला ड्यूअर ट्रॉफी दुसऱ्यांदा मिळाली.

लौकिकाची दुसरी बाजू

१९१७ मध्ये लेलंड कंपनी सोडून गेला आणि त्याने लिंकन ही दुसरी कंपनी काढली. लौकिक मात्र कॅडिलॅककडे राहिला आणि हळूहळू मोठेपणाची खूण बनला. या मोठेपणाला कुंपणही होते. पीटर ड्रकर या व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकाने लिहून ठेवले आहे की १९३० च्या सुमारास काळ्या अमेरिकनांना कॅडिलॅक विकायची नाही, असे कंपनीचे धोरण होते. यशस्वी काळे डॉक्टर, मुष्टियोद्धे, गायक एखाद्या गोऱ्या माणसाला पैसे देऊन त्याच्या नावावर गाडी घेत. मंदीत विक्री बसली तेव्हा निकोलस ड्रायस्टाट या अधिकाऱ्याने हे धोरण बदलायला लावले आणि विक्री सावरली. कोणताही भाग कोणत्याही गाडीला बसतो हे सिद्ध करणाऱ्या कंपनीला, कोणताही माणूस त्या गाडीत बसू शकतो हे पटायला मंदी यावी लागली.

१९४८ मध्ये गाडीच्या मागच्या टोकांना लहान पंख आले. पी-३८ या लढाऊ विमानाच्या शेपटीवरून ते सुचले होते. १९५९ पर्यंत ते खूप उंच झाले. विमानाच्या शेपटीला काम असते. रस्त्यावरच्या वेगात गाडीच्या पंखांना नजरेत भरण्यापलीकडे काही काम नव्हते.

खरी घसरण पुढे झाली. १९८१ मध्ये गरजेप्रमाणे आठ, सहा किंवा चार सिलिंडरवर चालणारे इंजिन आले. कल्पना चांगली होती, पण तेव्हाची संगणकीय नियंत्रणे तिला पुरी पडली नाहीत आणि वर्षभरातच ते बहुतेक गाड्यांतून काढून घेतले. १९८२ मध्ये ‘सिमारॉन’ आली. ती मुळात शेव्हरोलेची एक लहान स्वस्त गाडी होती. तिच्यावर चामड्याच्या गाद्या आणि कॅडिलॅकचे चिन्ह चढवून दर बराच चढा लावला होता. गिऱ्हाइकांनी ते ओळखले. जो गुण ब्रुकलँड्सला अभिमानाचा ठरला, तोच आता नाव घालवायला कारण झाला. सुटे भाग तर सामाईक होतेच, पण वेगळेपणासाठी चिन्हापलीकडे फारसे काही उरले नव्हते.

१९९८ च्या वर्षअखेरीस कॅडिलॅकने लिंकनपेक्षा सुमारे दोनशे गाड्या जास्त विकल्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी जनरल मोटर्सला कबूल करावे लागले की आकडा सुमारे पावणेपाच हजारांनी फुगवलेला होता. कंपनीने माफी मागितली. हजारांश इंचाची चूक न खपवणाऱ्या लेलंडची एक कंपनी त्याच्याच दुसऱ्या कंपनीशी साध्या मोजणीत खोटी ठरली.

शिवडी, तळेगाव आणि आपला वर्ग

या साऱ्याचा महाराष्ट्राशी संबंध आहे. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला. पेट्यांतून जहाजाने आलेले सुटे भाग मुंबईचे कामगार जोडत. भाग बनवणारा आणि जोडणारा यांच्यामध्ये हजारो मैलांचा समुद्र होता आणि विश्वास फक्त मापावर होता. नुसती जुळणी नको, गाड्या इथेच बनवा, असे धोरण स्वतंत्र भारताने घेतल्यावर १९५४ मध्ये तो कारखाना बंद झाला. पुढे २००८ मध्ये कंपनीने पुण्याजवळ तळेगावला कारखाना सुरू केला, पण २०१७ मध्ये भारतातली विक्री आणि २०२० मध्ये तिथले उत्पादनही थांबवले.

आता एक वर्गात करण्याजोगा प्रयोग. विद्यार्थ्यांचे पाच गट करा. प्रत्येक गटाने पुठ्ठ्याची एक पेटी आणि तिच्यात सरकणारा खण बनवायचा. लांबी एक वीत, रुंदी चार बोटे, उंची दोन बोटे. मग सगळ्या पेट्या आणि खण एकत्र मिसळा आणि दुसऱ्या वर्गातल्या मुलांना जोड्या लावायला सांगा. नंतर हेच काम पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजून करायला द्या आणि खण पेटीपेक्षा किती लहान ठेवायचा हे आधी मुलांनाच ठरवू द्या. दोन्ही वेळा किती जोड्या बसल्या ते फळ्यावर लिहा.

पहिल्या वेळी बहुधा ज्याचा त्याचा खण ज्याच्या त्याच्या पेटीतच बसेल. तेव्हा मुलांना रोहण्याच्या सुताराची आठवण करून द्या. तो अडाणी नव्हता. त्याच्या चाकाने पिढ्यान्‌पिढ्या कापूस वाहिला. त्याचे माप एका चाकापुरते होते एवढेच. आणि दुसऱ्या वेळी जोड्या बसल्या, तर त्या मिसळण्याचे काम दुसऱ्या वर्गाकडे का दिले होते, हेही मुलांना विचारा.