कळंब रोड : गावाबाहेरचे स्टेशन

कळंब शहरात रेल्वे नाही. तरीही लातूर-कुर्डुवाडी मार्गावर ‘कळंब रोड’ नावाचे स्टेशन आहे. ते कळंब तालुक्यात नसून धाराशिव तालुक्यातील कसबे तडवळे येथे आहे. ज्या स्टेशनावर उतरून पुढे सडकेने एखाद्या गावी जायचे, त्या स्टेशनाला ‘रोड’ म्हणण्याची इंग्रजांच्या काळी रीत होती. कुर्डुवाडीलाही पूर्वी ‘बार्शी रोड’ म्हणत.

हा मार्ग बार्शी लाइट रेल्वे या इंग्रज कंपनीचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याच्या पुढाकाराने 1897 मध्ये बार्शीला छोटी गाडी सुरू झाली. रूळ अवघे अडीच फूट रुंदीचे. 1911 मध्ये ती लातूरला पोहोचली. वाटेत पांगरीपर्यंत इंग्रजांचा सोलापूर जिल्हा आणि येडशीपासून निजामाचे राज्य. एकाच गाडीत बसून माणूस एका राजवटीतून दुसऱ्या राजवटीत जाई. त्याच डब्यांत बाजारला निघालेले व्यापारी असत आणि पंढरीचे वारकरीही.

आमच्या भागाचा इतिहास म्हटला की निजाम, रझाकार आणि पोलीस कारवाई एवढ्यावरच बोलणे संपते. रझाकारांचे जुलूम खरे आहेत. 1948 च्या कारवाईनंतर निरपराध मुसलमानांवर कोसळलेला कहरही तितकाच खरा आहे. सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घेतले आहे. यातले काहीच लपवू नये. पण त्याच राज्यात, याच तडवळ्यात, फेब्रुवारी 1941 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली होती. कष्टकरी, दलित, वारकरी आणि मुसलमान यांचा हा रोजचा इतिहास दरबाराच्या इतिहासाखाली दबून गेला आहे.

1954 मध्ये ही रेल्वे सरकारी झाली. 2008 मध्ये कुर्डुवाडी-लातूर मार्ग ब्रॉडगेज झाला आणि जुन्या मार्गापासून बाजूला राहिलेले जिल्ह्याचे ठिकाण रेल्वेला जोडले गेले. छोटी गाडी मात्र इतिहासजमा झाली.

त्या गाडीने प्रवास केलेले बुजुर्ग आता थोडेच उरले आहेत. त्यांच्या आठवणी आपण लिहून घेतल्या पाहिजेत. ते उर्दूत बोलले तर उर्दूत, मराठीत बोलले तर मराठीत. आपल्या मुलांना वर्गात राजांची नावे शिकवताना आम्हाला त्यांच्या आजोबांचीही गोष्ट सांगता आली पाहिजे.