बाबेल म्हणजे नेमके कोणते शहर?

पेत्राच्या पहिल्या पत्राच्या शेवटी, पाचव्या अध्यायाच्या तेराव्या वचनात, बाबेलमधून सलाम कळवला आहे. सोबत मार्काचाही आहे. पत्र कुठून लिहिले हे ठरवायला पत्रात हे एवढेच स्थळनाम मिळते. ते फरात नदीकाठचे बाबेल मानायला अडचण येते. इ.स.च्या पहिल्या शतकाच्या आरंभीचा भूगोलकार स्ट्रेबो त्या शहराचा बराचसा भाग ओसाड पडल्याचे नोंदवतो, आणि जुनी ख्रिस्ती परंपरा पेत्राला रोमशी जोडते.

प्रकटीकरणाचा सतरावा अध्याय अधिक स्पष्ट आहे. तिथे बाबेल नावाची स्त्री सात डोकी असलेल्या श्वापदावर बसली आहे. ती डोकी म्हणजे सात डोंगर आणि ती स्त्री म्हणजे पृथ्वीच्या राजांवर सत्ता चालवणारे शहर, असा उलगडा मजकुरातच आहे. इ.स. 71 मध्ये सम्राट वेस्पासियनच्या नावे पाडलेल्या एका पितळी नाण्यावर रोमा देवी सात टेकड्यांवर बसलेली दिसते. पायाशी लांडगी व जुळी बाळे, शेजारी टायबर नदीचा देव. सात टेकड्या म्हणजे रोम, ही खूण तेव्हा उघड होती.

पण रोमला बाबेलच का म्हणावे? इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्नेस्सरच्या सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले. इ.स. 70 मध्ये वेस्पासियनपुत्र टायटसच्या सैन्याने दुसरे मंदिर जाळले. एज्राचे चौथे पुस्तक, बारूखचे दुसरे पुस्तक आणि सिबिलच्या भविष्यवाणींचा पाचवा भाग हे यहुदी ग्रंथ त्यानंतरचे आहेत. त्यांत रोमवर बाबेलचे नाव चढलेले दिसते. इ.स. 70 पूर्वीचे असे निर्विवाद उदाहरण हाती आलेले नाही. परंपरेनुसार पेत्र मात्र नीरोच्या काळात, म्हणजे इ.स. 68 च्या आत, मारला गेला. त्यामुळे हे पत्र खुद्द पेत्राचे का, अशी शंका अनेक अभ्यासक घेतात, आणि त्या शंकेला हे एक नावही आधार देते.

पुढच्या वाचकांना रोम हा अर्थ ठाऊक होता. तिसऱ्या शतकाच्या आरंभी तर्तुलियन तो सांगतो, चौथ्या शतकात युसेबियस नोंदवतो. काही थोड्या हस्तलिखितांत तर बाबेलच्या जागी थेट रोम लिहिलेले आढळते. मात्र रोम ख्रिस्ती झाल्यावर अर्थ पसरला. इ.स. 410 मध्ये रोमची लूट झाल्यानंतर लिहायला घेतलेल्या ‘देवाचे नगर’ या ग्रंथात ऑगस्टीन रोमला दुसरे बाबेल म्हणतोच, शिवाय देवाकडे पाठ फिरवणाऱ्या सगळ्या मानवी समाजालाही ते नाव देतो.

धर्मसुधारणेत नाव पुन्हा रोमवर आले, पण यावेळी पोपच्या रोमवर. ल्यूथरच्या नव्या कराराच्या सप्टेंबर 1522 च्या आवृत्तीत क्रानाखच्या काष्ठचित्रातील बाबेलच्या स्त्रीच्या डोक्यावर पोपचा तिहेरी मुकुट होता. सॅक्सनीच्या ड्यूक जॉर्जने आक्षेप घेतला. डिसेंबरच्या आवृत्तीत वरचे थर कापलेले दिसतात, उरतो साधा मुकुट. 1534 च्या संपूर्ण बायबलमध्ये तिहेरी मुकुट परतला.

याच वादात कॅल्विनने पेत्राच्या पत्रातील बाबेल मात्र खरोखरचे बाबेल ठरवले. कारण उघड आहे: तिथे रोम मान्य केले, तर पेत्र रोममध्ये होता या पोपपक्षाच्या दाव्याला बळ मिळत होते. एकाच पक्षाला एका पुस्तकात बाबेल म्हणजे रोम हवे होते आणि दुसऱ्यात नको होते.

प्रकटीकरणापुरता निर्णय स्पष्ट आहे: त्यातले बाबेल म्हणजे पहिल्या शतकातले, मंदिर जाळणारे रोम. पेत्राच्या पत्रातही रोम हाच सर्वांत सयुक्तिक अर्थ आहे. त्यानंतरचा प्रत्येक अर्थ बाबेलविषयी फारसे सांगत नाही. तो लावणाऱ्याचा शत्रू कोण होता, याचा तो पुरावा आहे आणि तसाच वाचला पाहिजे.