अर्ज, जाहीरनामा आणि आसूड : सरकारी खर्चाविषयीची दख्खनी तक्रार (१८७६–१८८३)

राज्यकर्ते प्रजेचा पैसा कसा खर्च करतात याविषयीची कुरकुर ही बहुधा राज्यसंस्थेइतकीच जुनी असेल. परंतु कुरकुर आणि तक्रार यांत भेद आहे. कुरकुर घरात, पारावर, बाजारात होते व तेथेच विरते. तक्रारीला ऐकणारा लागतो, आणि ऐकणाऱ्यापुढे उभे राहावयाचे म्हणजे बोलण्याची काही एक रीत पत्करावी लागते. ही रीत कोणती यावर तक्रारीचा किती भाग बोलला जाईल व किती मनातच राहील हे अवलंबून असते. प्रस्तुत लेखात १८७६ ते १८८३ या अवधीत पुणे व त्याभोवतालच्या दख्खन प्रदेशात सरकारी खर्चाविषयी जी तक्रार उठली, तिच्या या रीतींचा विचार करावयाचा आहे. घटना बहुतेक परिचित आहेत. त्या एका ओळीत मांडल्या असता त्यांतून काय दिसते, एवढाच प्रश्न येथे आहे.

: १ :

प्रथम पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. मुंबई इलाख्यात १८६७ पासून जमीन महसुलाची फेरपाहणी सुरू झाली आणि इंदापूर तालुक्यापासून पुढे साऱ्याची आकारणी बरीच वाढली. वाढ इतकी झाली की १८७४ मध्ये सरकारलाच तिच्यावर मर्यादा घालावी लागली : तालुक्याच्या किंवा गावसमूहाच्या आकारात शेकडा ३३, एका गावाच्या आकारात शेकडा ६६ आणि एका खातेदाराच्या आकारात शेकडा १०० यांहून अधिक वाढ करू नये, असे ठरले. ज्या नियमात शंभर टक्के वाढ ही 'मर्यादा' म्हणून सांगितली जाते, त्यावरून नियमापूर्वीच्या स्थितीची कल्पना येते. याखेरीज १८६९ च्या कायद्याने साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकलफंड बसला होता. त्यातील एक तृतीयांश शिक्षणाकडे व उरलेला रस्ते इत्यादी कामांकडे जावयाचा होता. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा झाला व तो पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. पुढच्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि मोठा दुष्काळ पडला.

या दुष्काळातच १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस लॉर्ड लिटन यांनी दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीस 'कैसर-इ-हिंद' हा किताब घेतल्याचे जाहीर केले. संस्थानिक, सरदार, अधिकारी आणि त्यांचा परिवार मिळून साठ हजारांहून अधिक माणसे तेथे जमली होती. त्याच महिन्यात दुष्काळी कामांवरील खर्च आवरण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांची नेमणूक झाली. हेच टेंपल १८७४ च्या बिहारमधील दुष्काळात मुक्तहस्ताने धान्य आणवून लोकांस वाचविल्याबद्दल, म्हणजेच खर्च फार केल्याबद्दल, टीकेस पात्र झाले होते. या वेळी त्यांनी मजुराची रोजची मजुरी एक पौंड धान्य येईल इतके पैसे आणि वर आणा-अर्धा आणा येथवर खाली आणली. एकाच महिन्यात एकीकडे दरबाराचा थाट व दुसरीकडे मजुराच्या भाकरीची काटकसर, हा विरोध दाखविण्यास कोणा वक्त्याची गरज नव्हती.

: २ :

या परिस्थितीत तक्रारीची पहिली व सर्वमान्य रीत म्हणजे अर्ज. हा शब्द मूळ अरबी. 'पुढे ठेवणे, सादर करणे' हा त्याचा अर्थ. मराठीत मात्र त्याला नम्रतेचा रंग कायमचा चढला. अर्ज नेहमी खालून वर जातो. 'रयत' हा शब्दही अरबी, आणि राखणदाराने राखावयाचा कळप ही त्याच्या मुळाशी असलेली कल्पना आहे. रयतेने सरकारास अर्ज करावा, या साध्या वाक्यातच दोघांच्या पायऱ्या ठरून गेलेल्या असतात. जो 'मायबाप' म्हणून संबोधिला, त्याला तू खर्च कशावर केलास असे कसे विचारावे? त्याच्याजवळ मागता येते ते देणे किंवा सूट; हिशेब मागता येत नाही.

पुण्याच्या सार्वजनिक सभेचे महत्त्व या ठिकाणी आहे. २ एप्रिल १८७० रोजी ती स्थापन झाली तेव्हा तिच्या सभासदास निदान पन्नास प्रौढ माणसांचे मुखत्यारपत्र आणावे लागत असे, आणि आरंभीच्या पंचाण्णव सभासदांमागे अशी सुमारे सहा हजार माणसे उभी होती. मुखत्यारपत्र हा कोर्टकचेरीतला कागद. सभेने तो राजकारणात आणला, आणि अर्ज करणारा हा केवळ याचक नसून कोणाचा तरी अधिकृत वकील आहे, अशी कल्पना त्याबरोबर आली. दिल्ली दरबारास सभेचे प्रतिनिधी म्हणून गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, गेले ते स्वदेशी खादीच्या साध्या वेषात. हिंदी प्रजेस ब्रिटिश प्रजेसारखाच दर्जा मिळावा, अशी विनंती सभेच्या मानपत्रात होती. शब्द विनंतीचे होते. वेष मात्र विनंती करीत नव्हता.

दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे पाठविली आणि मजुरीकपातीविरुद्ध लिहिले. १८७८ पासून तिचे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. त्यामागे न्यायमूर्ती रानडे यांची बुद्धी होती, हे सर्वश्रुत आहे. अर्जाच्या चौकटीत राहूनच सभा हळूहळू आकडे मांडू लागली, आणि आकडे मांडणारा मनुष्य नकळत हिशेब मागू लागतो. परंतु हा हिशेब इंग्रजीत होता, आणि ज्याच्या साऱ्यातून ते आकडे निर्माण झाले त्या कुणब्यास तो वाचता येत नव्हता.

दुष्काळी कामांवरील मजुरांची रीत निराळी होती. मजुरी कापली गेली तेव्हा हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. त्यांनी कागद लिहिला नाही. त्यांच्या बाजूने जे कागद झाले ते सभेने केले. सरकारी दप्तरात त्यांची नोंद संख्येने झाली, शब्दाने झाली नाही.

: ३ :

पुढील दोन वर्षांत खर्चाचा प्रश्न अधिक धारदार झाला. दुष्काळाच्या विम्यासाठी म्हणून दरसाल दीड कोटी रुपये बाजूस काढण्याचे हिंदुस्थान सरकारने ठरविले आणि त्यासाठी १८७८ मध्ये व्यापार-उदिमावर लायसन्स टॅक्स बसविला. मुंबई इलाख्यात मिठावरील कर मणामागे एक रुपया तेरा आण्यांवरून अडीच रुपयांवर गेला. लायसन्स टॅक्स वर्षास शंभर रुपये मिळविणाऱ्या लहान कारागिरापर्यंत पोचत होता. पगारदार सरकारी अधिकारी व वकील मात्र त्यातून सुटले होते. कर लावणारा वर्ग करातून मोकळा राहतो, ही गोष्ट लोकांच्या ध्यानात येण्यास वेळ लागला नाही. एप्रिल १८७८ मध्ये सुरतेस या करावरून दंगा झाला. त्याआधी मार्चमध्ये देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा झालेला होता. म्हणजे कर वाढला आणि तक्रारीची जागा आकसली, या दोन गोष्टी एकाच वसंतात घडल्या.

त्यानंतर अफगाण युद्ध आले. दुष्काळासाठी म्हणून घेतलेला पैसा दुष्काळासाठीच राहील, असे आश्वासन देण्यात आले होते. १८७९ मध्ये युद्धाच्या ताणामुळे ते पाळले गेले नाही. त्याच वर्षी लिटन यांनी आपल्या कौन्सिलातील बहुमत डावलून विलायती कापडावरील जकातीत सूट दिली. १८८० मध्ये युद्धखर्चाचा अंदाज लक्षावधी पौंडांनी चुकल्याचे उघडकीस आले. 'अंदाजपत्रक' या शब्दाचा पूर्वार्ध फारसी व उत्तरार्ध संस्कृत आहे. त्या वर्षी पत्रक उरले आणि अंदाज नाहीसा झाला, असे म्हणता येईल.

: ४ :

वासुदेव बळवंत फडके यांची रीत याच काळातील आहे. ते पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून होते, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. १८७९ च्या मे महिन्यात त्यांनी जो जाहीरनामा काढला त्यात कर कमी करावेत, लोकांस काम मिळेल अशी कामे काढावीत आणि युरोपियन अधिकाऱ्यांचे पगार घटवावेत, अशा मागण्या होत्या. त्या न मानल्यास अधिकाऱ्यांवर हल्ले होतील, अशी धमकीही होती. मागण्यांकडेच पाहिले तर त्या सभेच्या मागण्यांहून फारशा वेगळ्या नाहीत. वेगळे आहे ते लेखाचे रूप. जाहीरनामा सरकार काढते. रयत अर्ज करते. फडक्यांनी हा क्रम उलटा केला. प्रजेतील एक मनुष्य सरकारच्याच लेखनप्रकारात सरकारास बजावू लागला. त्यांचे बंड अल्पजीवी ठरले. जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले व पुढे १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात वारले. खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेण्यास सार्वजनिक काका पुढे झाले. अर्जाची रीत आणि जाहीरनाम्याची रीत यांची ही भेट कोर्टात व्हावी, हे त्या काळास शोभणारेच होते.

: ५ :

यानंतर जोतीराव फुले यांच्याकडे वळावयाचे. फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. व्हाइसरॉयांच्या पुणेभेटीच्या समारंभासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असे म्हणून त्यांनी एकट्यानेच विरोधी मत दिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. रक्कम मोठी नव्हती. प्रश्न तत्त्वाचा होता. 'उधळणे' या मराठी धातूस मंगलकार्याचाही संबंध आहे. गुलाल उधळतात, अक्षता उधळतात. सत्ताधाऱ्याच्या स्वागतात पैसा उधळला जातो तेव्हा तो खर्च असल्याचे पाहणाऱ्यास जाणवतच नाही. फुल्यांनी उत्सवाचा पडदा बाजूस सारून त्या एक हजाराकडे खर्च म्हणून पाहिले.

'शेतकऱ्याचा असूड' हा त्यांचा ग्रंथ १८८३ चा. या नावातच रीत सांगितलेली आहे. हा अर्ज नव्हे व जाहीरनामाही नव्हे. आसूड हे शेतकऱ्याच्या हातातले रोजचे साधन, आणि ते तो बैलावर चालवितो. येथे ते कोणावर चालवावयाचे आहे, याचा उत्तरार्थ वाचकाने जाणावयाचा. सारा, लोकलफंड, मीठ, जकात यांची मोजदाद करून फुले गोऱ्या व काळ्या अधिकाऱ्यांच्या पगारांकडे आणि पेन्शनींकडे वळतात. त्यांचा विशेष येथे दिसतो. सभेची दृष्टी पुण्याहून कलकत्त्याकडे व लंडनकडे जात होती. फुल्यांची दृष्टी त्याच वाटेवर मामलेदार कचेरीत थांबते. गोरा अधिकारी ऐषआरामात राहतो, रयतेत मिसळत नाही, आणि त्याला रयतेविषयी जे कळते ते भटकारकुनांच्या तोंडून कळते, असे त्यांचे म्हणणे. राज्यकर्ता लोकांपासून तुटला आहे हे सर्वच टीकाकार सांगत होते. तो ज्या दुव्याने जोडला गेला आहे असे समजले जाई, तो दुवाच शेतकऱ्याचा पैसा खातो, हे फुले सांगत होते.

१८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनातही त्यांचा हाच मुद्दा आहे : सरकारचे उत्पन्न बहुतांशी शेतकऱ्यांच्या श्रमातून येते, आणि त्यातील शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरिष्ठ वर्गांस मिळतो. म्हणजे खर्च किती झाला याबरोबरच तो कोणाच्या घामाचा व कोणाच्या घरी गेला, हा दुसरा प्रश्न त्यांनी उभा केला. फुले स्वतः कंत्राटदार होते. खडकवासल्याजवळच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध आला होता. सरकारी बांधकामात पैसा कसा मुरतो, हे त्यांनी जवळून पाहिलेले होते. त्यामुळे ग्रंथाच्या शेवटी ते केवळ निषेध करून थांबत नाहीत. मोठे पगार कमी करा, रिकाम्या बसलेल्या पलटणी-पोलिसांकडून लहान लहान बंधारे बांधवून पाणी जमिनीत मुरेल असे करा, अशा रोकड्या सूचना ते करतात.

: ६ :

या साऱ्यावरून काय निष्पन्न होते? एक तर या सात-आठ वर्षांत सरकारी खर्चाविषयीची तक्रार दयेच्या मागणीकडून हिशेबाच्या मागणीकडे सरकली. तिचा एक प्रवाह पुढे मान्यता पावला. १८८६ मध्ये प्राप्तीवरील कर आला व तो पगारदारांनाही लागू झाला. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातील सभासदांस अंदाजपत्रकावर बोलण्याचा हक्क मिळाला, मत देण्याचा मात्र मिळाला नाही. ज्या सभेच्या त्रैमासिकात रानड्यांच्या शिष्याने, गोपाळ कृष्ण गोखले यांनी, आकडे वाचण्याचे शिक्षण घेतले, त्याच शिक्षणाच्या बळावर त्यांनी १८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष दिली आणि १९०२ मध्ये व्हाइसरॉयांच्या कौन्सिलात दुष्काळी देशात शिलकी अंदाजपत्रक कसे, असा जाब विचारला.

दुसरा प्रवाह इतका सुदैवी ठरला नाही. फुल्यांचा दुसरा प्रश्न अर्जाच्या भाषेत बसत नव्हता, कारण अर्ज लिहिणारे हात बव्हंशी त्या प्रश्नाच्याच कक्षेत येत होते. इनामदार, वकील, पेन्शनर यांनी सरकारच्या उधळपट्टीविषयी जे लिहिले ते खरे होते, आणि त्यासाठी धैर्यही लागले होते. परंतु शेतकऱ्याच्या बाजूने बोलताना आपणही त्याच जमाखर्चात खर्चाच्या बाजूस मांडलेलो आहोत, ही जाणीव त्यांच्या लेखनात क्वचितच आढळते. यात व्यक्तींच्या दोषापेक्षा रीतीचा दोष अधिक आहे. वकिलाची भाषा अशिलाची बाजू मांडते. अशील वकिलाच्या फीविषयी काय म्हणतो, ते ती मांडू शकत नाही.

म्हणून या काळाचा इतिहास लिहिताना सभेचे अर्ज व त्रैमासिकाचे अंक एवढीच साधने पुरेशी मानता येत नाहीत. काम टाकून निघून गेलेला मजूर, कचेरीतून हात हलवीत परतलेला कुणबी आणि एका हजार रुपयांना नकार देणारे एकच मत, ही देखील त्या तक्रारीची साधने होत. खर्चाचा हिशेब मागणे हा नागरिकाचा हक्क आहे, हे पहिल्या प्रवाहाने आपणांस शिकविले. तो हिशेब मागणारा कोणाच्या वतीने व कोणाच्या भाषेत मागतो आहे, हेही विचारावे लागते, हे दुसऱ्या प्रवाहाने शिकविले. पहिला धडा पाठ्यपुस्तकांत आला आहे. दुसरा अद्याप पुरता वाचला गेलेला नाही.