वेदीवरील अदृश्य अर्पण

१९६२ साली चांदा परिसर केरळच्या सी.एम.आय. संघाच्या धर्मगुरूंकडे मिशनक्षेत्र म्हणून सोपविण्यात आला. १९७७ मध्ये त्याचा धर्मप्रांत झाला आणि १९८२ मध्ये गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. हा इतिहास आपण बहुधा धर्मगुरूंच्या नावांनीच सांगतो. शाळा-दवाखान्यांतून झिजलेल्या धर्मभगिनींची नावे मात्र आपल्या ओठांवर क्वचितच येतात.

या संघाचे एक संस्थापक संत कुरियाकोस चावरा यांनी १८६६ साली कूनम्मावू येथे स्त्रियांचाही संघ स्थापिला. त्याच परंपरेतील संत युफ्रेशिया १९१३ ते १९१६ या काळात ओल्लूर मठाच्या मठाधिकारिणी होत्या. त्यांनी येशूच्या पवित्र हृदयाची मूर्ती मठात मध्यवर्ती ठेवून अधिकारपद त्यालाच अर्पण केले. लोक त्यांना ‘प्रार्थनामाता’ म्हणत. १९५२ साली त्या प्रभुवासी झाल्या. २३ नोव्हेंबर २०१४ रोजी चावरा यांच्यासोबतच त्यांना संतपद मिळाले.

मात्र या नम्रतेचा आपण सोयीस्कर अर्थ तर लावीत नाही ना? प्रभूची दासी म्हणविणाऱ्या पवित्र मरियेनेच बलवंतांना आसनांवरून खाली ओढणाऱ्या देवाचे स्तोत्र गायिले. नम्रता म्हणजे लादलेले मौन नव्हे. ख्रिस्ताने स्वखुशीने प्राण दिला, म्हणूनच त्याचे अर्पण पवित्र ठरले. आपल्या माता-भगिनी भाकरी आणि द्राक्षारसासह आपले कष्टही ख्रिस्तयागात अर्पितात. ते अर्पण आपण गृहीत धरू नये. कृतज्ञतेने त्यात सहभागी व्हावे.