पस्तीस, वीस, साडेसत्तावीस

भावाच्या विरुद्ध उभं राहायचं, तेही चारचौघांत! मैत्रिणींनो, मला नसतं जमलं. १९१८ साली अहमदाबादेत अनसूयाबेन साराभाईंना ते करावं लागलं. जैन घरातल्याच त्या. त्या संपावरच्या गिरणी कामगारांच्या बाजूला, तर मालकांचे पुढारी त्यांचे सख्खे धाकटे भाऊ अंबालाल. कामगारांना हवी ३५ टक्के पगारवाढ, मालक २० वर अडलेले. गांधीजी उपासाला बसले, तेव्हा कुठे तोड निघाली. पहिल्या दिवशी ३५, कामगारांची शपथ राहिली. दुसऱ्या दिवशी २०, मालकांचा शब्द राहिला. तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निवाडा येईपर्यंत साडेसत्तावीस. मी कॉमर्सवाली, हा हिशेब वाचून हसलेच! पुढे लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी ३५ टक्केच दिले.