सेमिनरी शिक्षण, ख्रिस्ती (महाराष्ट्र)

सेमिनरी शिक्षण, ख्रिस्ती : मंडळीचा पाळक किंवा धर्मग्रामाचा धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्याला दीक्षेपूर्वी मिळणारे उच्च शिक्षण. त्यात पवित्र शास्त्र, ईश्वरविज्ञान, उपासना व प्रवचन यांचा अभ्यास आणि प्रत्यक्ष मंडळीतील सेवा यांचा समावेश होतो. सेमिनरी पदवीसाठी शिकवते, दीक्षा मात्र चर्च देते. म्हणून उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेला विद्यार्थीही आपोआप पाळक ठरत नाही. त्याचे पाचारण, आचरण आणि सेवेची तयारी चर्च स्वतंत्रपणे पारखते.

इतिहास : धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी धर्मप्रांतांनी सेमिनरी चालवाव्यात, असा आदेश ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये दिला. गोव्यातील राशोल हे या परंपरेचे जुने केंद्र. जेझुइट मिशनरी फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी काव्य ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये तेथेच छापले गेले. प्रॉटेस्टंट परंपरेत महाराष्ट्राचा संबंध बंगालमधील सेरामपूरशी जुळतो. मिशनरी विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये तेथे प्रसिद्ध झाले. केरी आणि त्यांचे सहकारी मार्शमन व वॉर्ड यांनी १८१८ मध्ये सेरामपूर कॉलेज स्थापले. सेरामपूर तेव्हा डॅनिश वसाहत असल्याने डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये सनद देऊन त्याला पदव्या देण्याचा अधिकार दिला. १९१८ च्या कायद्याने सेरामपूर सिनेटची रचना झाली आणि वेगवेगळ्या पंथांच्या सेमिनरी एकाच परीक्षापद्धतीखाली येऊ लागल्या.

मराठी मुलुखात अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे मोठे काम उभे केले. तेथील सेमिनरीची धुरा रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी दीर्घकाळ वाहिली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक या सेमिनरीत शिकवत असत. पुढे १९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. ख्रिस्ती उपासना अभंग-कीर्तनाच्या वळणाने मराठी माणसाच्या अंतःकरणाला भिडावी, हा त्यांचा आग्रह होता. पाळक घडवणाऱ्या प्रत्येक संस्थेने तो आजही विचारात घ्यावा, इतका मोलाचा आहे.

प्रमुख संस्था : पोप लिओ तेरावे यांनी १८९३ मध्ये कँडी (श्रीलंका) येथे स्थापलेली पेपल सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यात आली. तेथील विद्यार्थी ज्ञानदीप या संस्थेत तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान शिकतात. १९५३ मध्ये यवतमाळ येथे सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ पासून पुण्यात बिबवेवाडी येथे आहे. ती अनेक प्रॉटेस्टंट पंथांची सामाईक संस्था असून सेरामपूरशी संलग्न आहे. मुंबई महाधर्मप्रांताची सेंट पायस दहावे यांच्या नावाची सेमिनरी गोरेगावला आहे. ठाण्यापासून कल्याण, टिटवाळा, खडवलीपर्यंतच्या रेल्वेपट्ट्यातील इच्छुकांना जवळ पडणारी मोठी केंद्रे म्हणजे गोरेगाव आणि पुणे. याच पट्ट्यात कल्याण येथे १९८८ मध्ये केरळच्या कॅथलिक परंपरेतील सिरो-मलबार धर्मप्रांत स्थापन झाला. नोकरीधंद्यासाठी आलेल्या मल्याळी कुटुंबांमुळे या भागाची धार्मिक गरजही बहुभाषिक झाली आहे.

अभ्यासक्रम : प्रॉटेस्टंट सेमिनरीतील मुख्य पदवी बी. डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी); त्यापुढे एम. टीएच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी) आणि संशोधन. जुना करार व नवा करार, त्यांच्या मूळ हिब्रू व ग्रीक भाषा, चर्चचा इतिहास, नीतिशास्त्र, इतर धर्मांचा अभ्यास, समुपदेशन हे प्रमुख विषय. विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी मंडळ्यांत, रुग्णालयांत, वस्त्यांत काम करतात. कॅथलिक नियमानुसार किमान दोन वर्षे तत्त्वज्ञान व चार वर्षे ईश्वरविज्ञान, असा एकूण सहा वर्षांचा अभ्यास आवश्यक असतो. शिवाय प्रार्थना, सामूहिक जीवन आणि आत्मिक मार्गदर्शन यांना वर्गातील अभ्यासाइतकेच महत्त्व आहे.

दीक्षा : कॅथलिक चर्चमध्ये उमेदवार आधी डीकन (साहाय्यक सेवक) होतो, नंतर बिशपच्या हस्ते त्याला गुरुदीक्षा मिळते. गुरुदीक्षेसाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. लॅटिन परंपरेतील धर्मगुरू सामान्यतः अविवाहित असतात आणि ही दीक्षा पुरुषांनाच दिली जाते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये डीकन, प्रेसबिटर (पाळक) व बिशप अशा तीन श्रेणी आहेत. तेथे पाळक विवाहित असू शकतात आणि स्त्रियांनाही दीक्षा मिळते. बिशपपद नसलेल्या पंथांत वडीलधारे पाळक उमेदवाराच्या मस्तकावर हात ठेवून त्याला सेवेसाठी वेगळे करतात.

मूल्यमापन : या शिक्षणाने महाराष्ट्राला धर्मगुरूंबरोबर अभ्यासक, लेखक आणि समाजसेवकही दिले. मात्र पदवीस्तरावरील अध्यापन व ग्रंथसामग्री मुख्यतः इंग्रजीत आहे, तर गावोगावच्या मंडळ्यांची प्रार्थना, लग्ने आणि अंत्यविधी मराठीत होतात. वर्गात शिकलेले ईश्वरविज्ञान दुःखात असलेल्या घरापर्यंत त्या घराच्या भाषेत पोहोचवणे हीच पाळकाची खरी परीक्षा असते. त्यासाठी दर्जेदार मराठी पाठ्यग्रंथांची निर्मिती ही सेमिनरी शिक्षणाची आजची सर्वांत मोठी गरज आहे.